गरम दिवा, गार पाणी

मुलांनो, वर्गात बाईंनी काही विचारलं आणि उत्तर येत नसलं, की तुम्ही काय करता? कुणी वहीत डोकं खुपसतं, कुणी खिडकीबाहेरचा कावळा बघतं. पण बाईंनाच उत्तर येत नसलं, तर बाई काय करतात, ठाऊक आहे? कधी कधी ठोकून देतात! दोन वर्षांपूर्वी मीही असंच एक उत्तर ठोकून दिलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

आमची शाळा निफाड तालुक्यातली. हिवाळा आला, की वर्तमानपत्रात निफाडचं नाव हमखास येतं, इतकी इथं थंडी. त्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगी होती. तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला चिऊ म्हणू. चिऊच्या मामानं तिला दीड फुटाची काचेची पेटी आणून दिली होती. तळाला वाळू, त्यात हायड्रिलाच्या काड्या आणि सात गप्पी मासे. पेटीवर दिवा लावायला आजीनं पैसे दिले होते.

मधल्या सुट्टीत चिऊ माझ्या टेबलाशी आली. "बाई, दुकानात दोन एलईडी दिवे आहेत. एकाच्या खोक्यावर २७०० के लिहिलंय. दुकानदार त्याला वॉर्म म्हणतात. दुसऱ्यावर ६५०० के, त्याला कूल म्हणतात. माशांना कुठला घेऊ?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "अगं, वॉर्म म्हणजे गरम, कूल म्हणजे थंड. थंडीचे दिवस आहेत, गरम दिवा घे. पाण्याला ऊब राहील."

बाई म्हणाल्या म्हणजे झालंच! चिऊनं पिवळा दिवा आणला. रात्रीही माशांना ऊब मिळावी म्हणून तो दिवसरात्र चालू ठेवला.

आठ-दहा दिवसांनी चिऊ डोळे सुजवूनच वर्गात आली. सातांतले तीन मासे मेले होते. "बाई, मी दिवा एकदासुद्धा बंद केला नाही. मग कसे मेले?"

संध्याकाळी शाळेतला तापमापक घेऊन तिच्या घरी गेले. पाण्यात धरला, तर पारा १६ अंशांवर! गप्पी मासे मूळचे त्रिनिदाद, व्हेनेझुएला अशा उष्ण भागांतले. त्यांना साधारण २२ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. शिवाय काचेवर हिरवं शेवाळ धरू लागलं होतं. आजी म्हणाल्या, "बाई, दिवा तर सारखा जळतोय, पन काचंला ऊब कशी ती न्हाई." मी खाली मान घातली. आजींना जे हात लावून कळलं, ते मला वह्यांच्या ढिगाआडून कळलं नव्हतं.

त्या रात्री पुस्तकं काढून बसले. खोक्यावरचा 'के' म्हणजे केल्विन. विल्यम थॉमसन (१८२४ ते १९०७) हे मोठे शास्त्रज्ञ, पुढे ते लॉर्ड केल्विन झाले. तापमानाचं हे एकक त्यांच्या नावाचं. केल्विनमधून २७३ वजा केले, की साधारण आपले सेल्सिअस अंश मिळतात. म्हणजे २७०० केल्विन म्हणजे जवळजवळ २४२७ अंश सेल्सिअस! एवढं तापमान माशांच्या पेटीवर? मग पाणी गार कसं?

मुलांनो, लोहाराच्या भट्टीपाशी कधी उभे राहिलात का? लोखंड तापलं की आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणि फार तापलं की पांढरट. आकाशातही तेच. थंडीत रात्री मृग नक्षत्र बघा. त्यातली तांबूस काक्षी सुमारे ३५०० केल्विन तापमानाची, तर निळसर राजन्य सुमारे १२,००० केल्विनचा. म्हणजे लालपिवळा रंग कमी तापमानाचा आणि निळसर पांढरा जास्त तापमानाचा. आपण मात्र पिवळ्याला 'गरम' आणि निळसराला 'थंड' म्हणतो, कारण पिवळा उजेड पाहून आपल्याला चूल, शेकोटी आठवते. नाव मनातल्या उबेवरून पडलं, पाण्यातल्या नव्हे.

जुन्या काचेच्या बल्बमधली तार खरोखरच सुमारे २७०० केल्विनला तापते, म्हणून तो पिवळा उजेड देतो. एलईडीमध्ये अशी तापून लाल होणारी तार नसते. त्यात निळा उजेड देणारी एक चिमुकली चकती असते आणि तिच्यावर पिवळसर लेप असतो. निळा आणि लेपातून येणारा पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो. लेप बदलला, की उजेड पिवळट किंवा निळसर करता येतो. (असा झगझगीत निळा एलईडी शोधल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.) म्हणजे खोक्यावरचे २७०० केल्विन फक्त रंगाचं नाव. चिऊच्या दिव्यानं उबेचा रंग घेतला होता, ऊब नाही.

आता वर्गात काय सांगायचं? मूल चुकलं तर त्याला कसं समजवावं, हे डी.एड.ला शिकवलं होतं. बाई चुकल्या तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी हजेरी झाल्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "मुलांनो, चिऊचे मासे माझ्या चुकीनं मेले. मला माहीत नव्हतं, तरी मी उत्तर दिलं." वर्गात चिडीचूप. मागून एक बारीक आवाज आला, "मग आता आपणच बघू या ना, बाई!"

मग आम्ही बघितलं. एका अंधाऱ्या खोलीत दोन्ही दिवे लावले, दोन्ही ९ वॉटचे. दोन्हींखाली हातभर अंतरावर तापमापक ठेवले. अर्ध्या तासानं पाहिलं, तर दोन्हींचा पारा सारखाच, जेमतेम हललेला. मग अडगळीतला जुना ६० वॉटचा बल्ब लावला. तिथे मात्र पारा भराभर चढला. मुलांनीच निष्कर्ष काढला: ऊब रंगात नसते.

दुसरा प्रयोग हायड्रिलाचा. दोन बरण्यांत सारख्या लांबीच्या काड्या, कापलेलं टोक वर, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. एकीवर पिवळा दिवा, दुसरीवर पांढरा. उजेडात वनस्पती अन्न तयार करतात तेव्हा ऑक्सिजन सोडतात, त्याचे बुडबुडे निघतात. मिनिटाला किती, ते मोजायचं. सगळ्यांनी पैज लावली, की पांढरा जिंकणार! पिवळ्याखाली निघाले २२, २४, २१. पांढऱ्याखाली २३, २१, २४. मुलं हिरमुसली. मग एकानं दिवा जवळ सरकवला, आणि बुडबुडे भराभर वाढले. म्हणजे हायड्रिलाला दिव्याच्या नावापेक्षा उजेड किती, याची जास्त पर्वा होती. पानांना मुख्यतः लाल आणि निळा उजेड उपयोगी पडतो, आणि तो दोन्ही दिव्यांत होता. पिवळ्यात लाल जास्त, पांढऱ्यात निळा जास्त, एवढंच.

"मग बाई, कुठलाही दिवा चालेल?" चिऊनं विचारलं. या वेळी मी ठोकून दिलं नाही. म्हटलं, "दोन्ही लावून बघ आणि तूच ठरव." पिवळ्या दिव्याखाली पाणी कोऱ्या चहासारखं दिसे आणि माशांच्या निळ्या शेपट्या मळकट, कारण त्या उजेडात निळा रंग थोडाच. ६५०० केल्विनच्या दिव्याखाली हायड्रिला हिरवीगार आणि शेपट्या मोरपिशी. तो उजेड दिवसाच्या उजेडासारखा असतो, म्हणून घरातल्या झाडंवाल्या पेट्यांना बहुतेक जण तोच वापरतात. समुद्रातली प्रवाळं पाळणारे आणखी निळसर, १०,००० केल्विनच्या पुढचे दिवे लावतात. कारण खोल पाण्यात लाल उजेड आधी शोषला जातो आणि निळा खाली पोचतो. दीड फुटाच्या पेटीत तसं काही होत नाही.

चिऊनं पांढरा दिवा निवडला. आता तो दिवसाला आठ तासच लागतो. जास्त वेळ उजेड राहिला, तर शेवाळाचं फावतं. आणि माशांना पापण्याच नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय नाही! त्यांची रात्र आपणच करून द्यावी लागते. उबेसाठी तिच्या वडिलांनी आपोआप बंद-चालू होणारा छोटा हीटर आणला. दिवा, हीटर यांच्या वायरी मोठ्या माणसांनीच जोडाव्यात. आणि वायरीला सॉकेटच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळ आला तरी पाणी खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

मार्चमध्ये चिऊ बरणी घेऊन वर्गात आली. बरणीत टाचणीएवढी अकरा पिल्लं! गप्पी मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. "बाई, ही वर्गासाठी."

बरणी खिडकीत ठेवायला निघाले, तर चिऊ म्हणाली, "थांबा बाई. खिडकीतलं ऊन चालेल का त्यांना?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "चल, बघू या." आणि आम्ही दोघी तापमापक शोधायला गेलो.