कोनाचं पोट्टं?

हरवलेले मूल दिसले की आपल्या अंगात एक परोपकारी गृहस्थ संचारतो. माझ्या अंगात तो एकदा चांगलाच संचारला होता.

पौषातल्या रविवारी आमच्या भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचनला यात्रा भरते. गाडगेबाबांच्या सेवेच्या आठवणी सांगणारा पूर्णेचा काठ, रोडग्यांचा धूर आणि माणसांचा पूर! त्या गर्दीत चारेक वर्षांचा एक मुलगा रडत उभा होता. मी त्याला कडेवर घेतले आणि ऐटीत आरोळी ठोकली, "कोनाचं पोट्टं हाय हे?"

"माहं हाय," म्हणत एकजण पुढे आला. झाले काम! मी मूल त्याच्या हाती देणार, इतक्यात एक स्वयंसेविका आडवी आली.

"थांबा काकाजी. भाऊ, पोराचं नाव काय हाय?"

तो घुटमळला. "याच्या मायले घेऊन येतो," म्हणून गेला, तो गेलाच.

पोरगी मुलाला घेऊन पायरीवर बसली. तिने १०९८ ला फोन लावला, पोलिसांना बोलावले, मुलाला पाणी पाजले. मी त्याचा फोटो काढू लागलो, तर तिने हात आडवा धरला. तासाभराने आई धावत आली, मूल तिला बिलगले. तरी खात्री होऊन नोंद होईपर्यंत ही जागची हलली नाही. घरी परतताना माझे पाय मात्र लटपटत होते.

आमच्याच जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अपंग मुले वाढवली, त्यांना स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेवढी छाती आपणा सर्वांची कुठून असणार? पण १०९८ हे चार आकडे तर पाठ होतील! १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून सरकार चालवते. सापडलेले मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे, असे २०१५ चा कायदा सांगतो. ते दयेपोटीही परस्पर घरी ठेवायचे नसते. स्वयंसेवकाचे काम मूल सोडवून आणण्याचे नव्हेच. योग्य हात येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहण्याचे.

ऋणमोचन म्हणजे ऋणातून सुटका. त्या पोरीचे ऋण माझ्यावर आहे. आता यात्रेत मी आरोळी देत नाही, आधी खाली बसतो आणि मुलालाच विचारतो, "बाळा, नाव काय तुझं?"