कूलरचा झटका

मे महिन्यात अकोल्याहून फोन आला. "भाऊ, कूलरले हात लावला का झटका लागते. काल पोराले लागला." आमच्या तिथल्या घरात भाड्याने राहणाऱ्या ताई. मी पुण्यात, आई अमरावतीला. आईचं मत तयारच होतं, "दोन महिन्याचं भाडं थकलं न, आता घरात खोटच निघन." खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

इलेक्ट्रिशियन दुपारी जाऊन आला. टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. "काही नाही जी, वहम आहे त्यायचा." आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात! असे बग मी कितीदा बंद केलेत आणि मग ते क्लायंटकडे जाऊन फुटलेत. म्हणून ताईंना परत फोन लावला. झटका कधी लागतो? रात्री. पंप चालू असताना? हो. मग दुपारी? नळ आले नव्हते, टाकी कोरडी, पंप बंदच होता. म्हणजे तपासलं ते भलतंच.

भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ तेव्हा वाचलं. दुरुस्ती मालकाची. नोटीस देऊन १५ दिवसांत केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. ताईंनी नोटीस नाही, फोन केला होता.

आईला प्रभात चौकाची आठवण दिली. ३० ऑक्टोबर २०२२ ला तिथली जुनी इमारत पडून पाच जण गेले, आणि महापालिकेच्या नोटिसा तर आधीच निघाल्या होत्या. ती काही बोलली नाही.

शेवटी मीटरजवळ ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवून घेतला. करंट बाहेर गळला की तो पडतो. खरं-खोटं त्यालाच ठरवू दे म्हटलं. पहिल्याच रात्री पडला, पंप सुरू केल्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सॉकेट उघडलं. कूलरचा पंप खराब, तो ताईंचा. पण तीन पिनच्या सॉकेटमागे अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नव्हती, नुसती दुमडून ठेवलेली. हे फिटिंग बाबांनी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. आईला अजून सांगितलं नाहीये.

पंप मीच आणून दिला. भाड्याचा विषय काढायला जीभ रेटली नाही. ताईंनी एवढंच विचारलं, "आता पोरगं कूलरपाशी झोपलं त चालते न?"

म्हटलं, आठ दिवस थांबा.