बेचाळिसाव्या रस्त्यावरील ८४० पाने

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि बेचाळिसावा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथे ४८ मजल्यांची एक इमारत उभी आहे. तिचा जुना पत्ता '४, टाइम्स स्क्वेअर'. दक्षिणेस सातव्या अव्हेन्यूच्या आसपास तयार कपड्यांच्या धंद्याची जुनी पेठ. उत्तरेस पाच रस्ते ओलांडले की सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरचा हिरेबाजार, जेथे भारतातून गेलेल्या जैन व्यापाऱ्यांच्याही पेढ्या आहेत. कापड आणि हिरे यांच्या मधोमध 'व्होग' या फॅशन मासिकाचे कार्यालय अनेक वर्षे होते. आता ते वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यात गेले आहे. तथापि मासिकाचा आतला कारभार जगाला दिसला तो या जुन्या जागेत. २००७ च्या सप्टेंबर अंकाची तयारी आर. जे. कटलर यांनी चित्रित केली आणि २००९ मध्ये 'द सप्टेंबर इश्यू' हा माहितीपट आला.

'व्होग'ची स्थापना १८९२ ची. १९०९ मध्ये ते काँदे नास्ट यांनी विकत घेतले. नास्ट हिशेबाचे पक्के. वाचकांच्या संख्येमागे न धावता ऐपतदार वाचक मिळवावा आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे मोल जाहिरातदाराकडून घ्यावे, हे त्यांचे गणित. सप्टेंबर म्हणजे तिकडे नव्या हंगामाच्या खरेदीचा महिना. त्या अंकाची पाने ८४०, पैकी ७२७ जाहिरातींची. वजन दोन किलोंहून अधिक. भाडे जाहिरातदार भरतो खरे, पण गिऱ्हाईक थबकते ते उरलेल्या ११३ पानांपाशी. सारी ओढाताण त्या पानांसाठीच.

छायाचित्रांच्या छोट्या प्रती पानांच्या क्रमाने भिंतीवरील फलकावर लावलेल्या असत. तेव्हाच्या संपादिका ॲना विंटूर येत, पाहत, आणि एखादे चित्र काढावयास सांगत. कारण क्वचितच दिले जाई. अंकाची कच्ची प्रत रात्री त्यांच्या घरी जाई व शेरे घेऊन परते.

या निर्णयांचा खरा भार ग्रेस कॉडिंग्टन यांच्यावर पडे. मूळच्या वेल्सच्या, एके काळच्या मॉडेल. मोटार अपघातात पापणीस इजा झालेली. दोघीही १९८८ पासून याच मासिकात होत्या. १९२० च्या दशकातील पोशाखांच्या धर्तीवर ग्रेस यांनी एक चित्रमाला जीव ओतून सजविली. तिच्यातील चित्रे फलकावरून एकेक उतरू लागली. माल नाकारला गेला तर व्यापारी तो दुसरीकडे खपवितो. येथे नाकारलेल्या चित्राला दुसरी पेठ नसते. ग्रेस चिडल्या, खचल्या, पण काम सोडले नाही.

अंक छपाईस जाण्यास थोडे दिवस उरले असता ठळक रंगांच्या कपड्यांची दुसऱ्या कुणाची चित्रमाला नापसंत ठरली. ती नव्याने करण्याचे काम ग्रेस यांच्याकडे आले. त्यांनी माहितीपटाच्या कॅमेरामनलाच चित्रात ओढले आणि मॉडेलसमवेत उडी मारावयास लावले. चित्र झकास उतरले. विंटूर यांची नजर मात्र त्याच्या सुटलेल्या पोटावर गेली. संगणकावर ते सपाट करावे, असे ठरू लागले. हे कळताच ग्रेस यांनी तत्काळ फोन करून पोटास हात लावू नका, असे बजावले. कॅमेरामनचे पोट अंकात होते तसेच छापले गेले.