आठ घरांत पालघर

अक्षरं बघून कुणाची झोप उडते का? माझी उडाली! बोईसरला भाच्याकडे गेले होते. पोरगा लॅपटॉपवर गेम बनवतोय: तारापूरच्या किनाऱ्यावर एक खेकडा लाटा चुकवत पळतो. खेकड्याकडे मी पाहिलंच नाही. वर गुण दाखवणारी ती ठोकळ्याठोकळ्यांची इंग्रजी अक्षरं! लहानपणी व्हिडिओ गेममध्ये ‘गेम ओव्हर’ म्हणून हिणवायची ना, तीच!

फाँटचं नाव ‘प्रेस स्टार्ट टू पी’. पॅकमॅनवाल्या नॅमको कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या गेममधल्या अक्षरांवरून कोडी बॉइसक्लेअर यांनी तो केला, आणि मिळतो चक्क फुकट. (त्यांच्या आडनावाच्या स्पेलिंगची पहिली चार अक्षरं बोईसरचीच, हे सांगून मी भाच्यासमोर भाव खाल्ला.) प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाएवढी चौसष्ट घरं. त्यातलीही एक रांग शेजाऱ्यापासून अंतर राखायला मोकळी! उभ्या रेघा दोन ठिपके जाड, आडव्या एकच. एवढ्याशा जागेत काय तो रुबाब!

म्हटलं, आता ‘पालघर’ लिही. उमटल्या नुसत्या रिकाम्या चौकटी. या फाँटात देवनागरी नाहीच!

म्हटलं, आपणच काढू! सकाळी विरारची लोकल पकडली ती भाच्याची गणिताची चौकटींची वही घेऊनच. ‘पालघर’ तसं गुणी नाव. वर मात्रा नाही, खाली उकार नाही. ‘वाणगाव’ही तसंच. पण शिरोरेघ! इंग्रजीत मोकळी सोडायची ती रांग इथे वरून सांधावी लागते, नाहीतर शब्दाची मणीमाळ तुटते. आणि ‘घ’वरच्या रेघेतले डावीकडचे दोन ठिपके गाळले, तर मला सरळ ‘पालधर’ दिसायला लागलं! दोन ठिपक्यांत जिल्ह्याचं ठिकाण बदललं की हो!

उमरोळीची वेलांटी छपराबाहेर. केळव्याच्या दोन्ही मात्रा बाहेर. ‘तारापूर’, ‘डहाणू’ तर तळघर मागतात. वर तीन ओळी, खाली तीन, मध्ये शिरोरेघेसकट आठ-नऊ. आठात कसं मावणार? भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “अगं मावशी, युनिफाँट नावाचा फाँट आहे, त्यात देवनागरी सोळा ओळींत बसवलीय.” सोळा! माझी बेरीजही जवळपास तिथेच येत होती! मी एवढ्या जोरात “हो ना!” म्हटलं की समोरच्या बाईंनी मोगरा ओवणं थांबवलं.

सफाळे गेलं. ‘वैतरणा’ काढायला घेतलं. ‘वै’च्या दोन मात्रा एकमेकींना न चिकटता तीन ओळींत उभ्या करायच्या होत्या. पूल धडधडायला लागला, पेन्सिल हलली, आणि दुसरी मात्रा भलत्याच घरात जाऊन बसली. खोडरबर कुणाकडे आहे का हो?