माडाच्या सावलीतली कमाई

गुहागरच्या आमच्या आगरात वडिलांनी माड पंचवीस-पंचवीस फुटांवर लावले. मधली जागा मोकळीच असायची. नारळाच्या दराची शाश्वती नाही, पाडपाची मजुरी आणि खताचा खर्च मात्र चढताच. म्हणून मी रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रातली, माडांमध्ये मसाल्याची झाडं लावलेली 'लाखी बाग' पाहून आलो. माडाची अन्न घेणारी बहुतेक मुळं बुंध्यापासून 2 मीटरच्या आतच असतात, हे तिथे कळलं. त्यापलीकडची जमीन मसाल्याच्या झाडांसाठी मोकळी होती आणि झावळांतून येणारं विरळ ऊन त्यांना मानवणारं होतं.

चार माडांच्या मध्यावर जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी आणि बुंध्याला मिरवेल अशी लागवड केली. ही झाडं हाताशी येईपर्यंत केळी आणि अननसांनी घरखर्चाला हातभार लावला. वेल पाडेकऱ्याच्या आड येऊ नये म्हणून ठरावीक उंचीवर छाटतो. घोसातला एखादा दाणा लाल झाला की मिरी काढतो आणि दाणे मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून वाळवतो. त्यानं मिरी काळीभोर होते.

जायफळानं मात्र संयम शिकवला. बियांपासून केलेल्या रोपांत नर कोणता, मादी कोणती हे फुलं आल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी मादी झाडाची कलमं घेतली, परागासाठी थोडे नर ठेवले. पिकलेलं फळ झाडावरच उकलतं आणि आत लालभडक जायपत्री दिसते. ती नखानं, न फाडता सोडवायची. अख्ख्या पत्रीला भाव चांगला मिळतो. ऐन पावसात ऊन नसतं, तेव्हा चुलीच्या उबेवर वाळवावी लागते. हे काम माझी आई आजही कुणाच्या हाती देत नाही.

मधल्या झाडांनी माडाचा घास पळवला नाही, कारण प्रत्येक झाडाला त्याचं वेगळं शेणखत आणि पाणी देतो. उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकत असेल तरच ही बाग करावी, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. आमच्या भागात नारळ परवडत नाही म्हणून आगरं विकली जात आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. ज्याच्याकडे पाणी आहे, त्यानं विकण्याआधी निदान एका ओळीत मसाल्याची झाडं लावून पाहावीत. लागतील ती दालचिनीची रोपं मी देईन.