डॉक्टर, लिहायला वेळ कधी मिळतो?

हा प्रश्न दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतो. खरं सांगायचं तर दुपारी ओपीडी संपल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी. नेमकी तेव्हाच आमच्याकडे वीज जाते, आणि तिच्यामागे इंटरनेटही.

त्यामुळे मी थेट ब्राउझरमध्ये लिहीत नाही. कॉम्प्युटरवर 'ओपन लाइव्ह रायटर' नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात लिहितो. मूळचं हे मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज लाइव्ह रायटर'. 2012 नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. पण ते वापरणारे लोक ते सोडायला तयार नव्हते. शेवटी मायक्रोसॉफ्टमधल्याच काही जणांनी खटपट करून डिसेंबर 2015 मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. म्हणजे पाककृतीच वाटून टाकली म्हणा ना! ते फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं.

इंटरनेट नसलं तरी यात लिहिता येतं. कच्चा मसुदा आपल्याच कॉम्प्युटरवर, डॉक्युमेंट्समधल्या एका फोल्डरमध्ये राहतो. लेख ब्लॉगवर कसा दिसेल ते आधीच पाहता येतं. 'पब्लिश' दाबेपर्यंत तो कुणालाही दिसत नाही. आरोग्यावर लिहिणाऱ्याला ही शेवटची सोय सगळ्यात मोलाची.

जुलाबावरच्या लेखाचंच घ्या. घरी जीवनजल करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. एवढंच वाक्य. पण यातला 'अर्धा' गळला किंवा साखर-मिठाचे आकडे उलटे पडले, तर तान्ह्या बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढून त्याला झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून असा लेख मी किमान एक रात्र मसुद्यातच ठेवतो आणि सकाळी आमच्या सिस्टरना वाचायला देतो. त्यांनी वाचून विचारलं, "सर, चमचा कुठला? घरात पोह्याचा असतो, आमटीचा असतो. आजीबाई हाताला लागेल तो घेणार." मग 'चहाचा, 5 मिलिलिटरचा चमचा' हे शब्द आले. पाणी चाखून पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकून द्या, हेही आलं. आणि शक्य असेल तर ओआरएसचं तयार पाकीटच आणा, हे सगळ्यात वर गेलं. (पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. पेल्या-पेल्याने थोडी थोडी पावडर काढू नका, माप चुकतं.)

या सॉफ्टवेअरमध्ये प्रसिद्ध झालेला लेखही परत उघडून, बदलून पुन्हा टाकता येतो. उपचारांचे सल्ले काळाप्रमाणे बदलतात, तेव्हा याचा फार उपयोग होतो. पण तुम्ही लेखाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलात, तर तो फोटो मला बदलता येत नाही. तीन वर्षांपूर्वीचा कागद आजही कुणाच्या तरी फोनमध्ये फिरत असतो.

म्हणून प्रत्येक लेखाच्या डोक्यावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख घालतो. माझ्या नावाचं काही फोनवर आलं, तर औषधाचा डोस वाचण्याआधी ती तारीख पाहा. तारीख कापलेली असेल, तर सरळ दवाखान्यात फोन करा. सिस्टर सांगतील.