अभ्यासाला जागा द्या

वस्तीतले मूल नापास झाले की आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो, 'अभ्यास का केला नाहीस?' पण 'अभ्यास करायला बसतोस कुठे?' हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. वह्यापुस्तके घ्यायला आपण उसनवारी करतो, क्लासची फी हप्त्याने भरतो. बसायच्या जागेचा हिशेब मात्र कुणाच्याच घरखर्चात नसतो.

आम्ही भावंडे बोपोडीची. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला. घर म्हणजे एक खोली आणि तिच्यात सहा माणसे. वडिलांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपत, तेव्हा मोठ्याने वाचायची सोय नाही. संध्याकाळी नळाला पाणी येई, स्टोव्ह फरफरे, शेजारी रेडिओ लागे आणि मागून रेल्वेगाड्या जात. कुणाचाच दोष नव्हता. सगळे आपापल्या कष्टात होते, आणि एवढ्या कष्टांना एक खोली पुरत नव्हती.

१९८०च्या दशकात आम्ही महाविद्यालयात गेलो. तिथे ग्रंथालय होते, पण पहिले काही आठवडे आम्ही त्याच्या दारावरून नुसतेच जात होतो. आत बसायला कुणाची तरी चिठ्ठी लागत असेल, असेच आम्हाला वाटे. 'कमवा व शिका' योजनेत काम करून शिकणारा आमच्याच वस्तीतला एक दादा तिथे पुस्तकांवरची धूळ झटकायला होता. त्याने आम्हाला फीची पावती काढायला लावली आणि 'ग्रंथालय शुल्क' या ओळीवर बोट ठेवले. आमची फी शासनाच्या सवलतीतून भरली जात होती. दादा म्हणाला, "फी माफ झाली म्हणजे ग्रंथालयावरचा हक्क माफ झाला, असं नसतं रे. आत चला."

आत सगळे सोपे होते. पिशवी बाहेरच्या मांडणीवर ठेवायची, ओळखपत्र दाखवायचे, वहीत नाव लिहायचे. पुस्तक हवे असेल तर चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्यायचा. जुन्या प्रश्नपत्रिका बांधून ठेवलेल्या होत्या, त्या मागितल्या की मिळत. लांब टेबल, डोक्यावर पंखा आणि कुणी 'ऊठ' म्हणणार नाही अशी खुर्ची! घरात एक धडा वाचायला आम्हाला दोन तास लागत. तोच धडा तिथे अर्ध्या तासात डोक्यात शिरे. आपण मंद नाही, आपल्याला जागा नव्हती, हे आम्हाला त्या टेबलाशी बसून कळले.

आमच्या ताईची अडचण वेगळी होती. अंधार पडल्यावर मुलीने बाहेर राहायचे नाही, अशी घरची रीत. आईने एक दिवस ठरवले की परीक्षा होईपर्यंत संध्याकाळचे पाणी ती स्वतः भरील. वडिलांनी ठरवले की पहिली पाळी संपवून, घरी चहा घेऊन ते सायकलने ताईला आणायला जातील. ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी ते फाटकाशी उभे राहत. एके दिवशी पाऊस होता. तिथल्या शिपाईमामांनी त्यांना आत बोलावले आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसवले. त्यानंतर वडील रोज थोडे लवकर जाऊ लागले. चौथी शिकलेला आमचा बाप एका टोकाला वर्तमानपत्र वाचतो आहे आणि दुसऱ्या टोकाला त्याची लेक अर्थशास्त्र वाचते आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ताई बी. ए. झाली. त्या पदवीत आईच्या पाण्याच्या हंड्यांचा आणि वडिलांच्या सायकलीचा वाटा आहे, असे ती आजही सांगते.

म्हणूनच आम्हाला वाटते की शांतता आपोआप मिळत नसते. श्रीमंताच्या घरी ती भिंती देतात, आपल्याकडे ती माणसांना द्यावी लागते.

बाबासाहेबांचे चरित्रही हेच सांगते. सुभेदार रामजी मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. त्या गर्दीत भीमाने अभ्यास कधी करायचा? रामजीबाबा स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला उठवत आणि नंतर आपण आडवे होत. पोराला शांत वेळ मिळावा म्हणून बापाने आपली झोप दिली. दिवसा वाचायला भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथेच विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी यांचे या मुलाकडे लक्ष गेले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कार सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. बुद्धाकडे जाणाऱ्या वाटेची सुरुवात अशी बागेतल्या एका बाकावरून झाली! पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात तासन्‌तास बसणारे बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. पण त्या खुर्चीच्या आधी हा बाक आहे आणि त्याच्याही आधी रामजीबाबांची जागरणे आहेत, हे आपण पालकांनी विसरू नये.

आपल्या पुण्याचा वारसाही काही कमी नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. बक्षीस समारंभात तिने 'खाऊ नको, वाचनालय द्या' अशा अर्थाची मागणी केली होती, ही आठवण आपल्या सभांतून नेहमी सांगितली जाते. टाळ्या वाजतात. पण सभा संपल्यावर घरी जाणाऱ्या आजच्या मुक्ताला बसायला जागा आहे का, हे कोण पाहतो?

त्याहून जुने उदाहरण पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना लागते. कार्ले-भाजे लेण्यांच्या सहली आपली मंडळे काढतात. भिक्खूंना राहायला, ध्यानाला दगडात कोरलेल्या छोट्या खोल्या तिथे आपण पाहतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. ही दाने सगळीच राजांची नाहीत, साध्या उपासकांचीही आहेत. कुणाला तरी शांतपणे बसता यावे म्हणून सामान्य माणसाने दान द्यावे, ही आपल्या धम्माची दोन हजार वर्षांची रीत आहे.

आज पुण्यात परिस्थिती बदलली आहे. पेठांतून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका उभ्या आहेत. गावोगावची मुले तिथे महिन्याचे पैसे भरून खुर्ची घेतात. ज्यांना ते परवडते त्यांनी जरूर घ्यावी. पण धुणीभांडी करणाऱ्या आईला आणि रिक्षा चालवणाऱ्या बापाला तो खर्च जड जातो. अशा घरातील मुलांनी आधी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे दार ठोठवावे. गणेशखिंडीला विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. आत बसण्याचे आणि सभासदत्वाचे नियम काय, ते खिडकीवर जाऊन विचारावे. विचारायला लाजू नये. शासनाने १९७९ पासून छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड तुमच्या ग्रंथालयात आहेत का, तेही पाहावे. नसतील तर मागणी लिहून द्यावी. बहुतेक ग्रंथालये ड्युई पद्धतीने पुस्तके लावतात, तिच्यात बौद्ध धम्माचा क्रमांक २९४.३ आहे. एवढा लक्षात ठेवला तरी आपले कपाट सापडते.

दुसरे काम वस्तीतील मोठ्यांचे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्यानंतर पुणे परिसरात वस्त्यावस्त्यांतून विहारे उभी राहिली. काही ठिकाणी तिथे उत्तम अभ्यासिका चालतात, त्यांचे अभिनंदन! पण जिथे रविवारच्या वंदनेनंतर कुलूप लागते, तिथल्या मंडळाने विचार करावा. खर्च मोठा नाही. दोन ट्यूबलाइट, सतरंज्या, चार बैठी टेबले, पिण्याचे पाणी आणि रोज संध्याकाळी सात ते दहा किल्ली घेऊन येणारा एक जबाबदार माणूस. त्या वेळेत मंडळाची बैठक नको, लाऊडस्पीकर नको. मुलींसाठी एक बाजू राखावी आणि त्यांना घरी पोचवायला आयांनी पाळ्या लावून घ्याव्यात.

तिसरे काम ज्याच्या त्याच्या घरातले. मुलगी पुस्तक घेऊन बसली असेल तर तिला पाण्याला, पिठाला, धाकट्याला घ्यायला उठवू नका. मुलाला उठवा, नाहीतर स्वतः उठा. टीव्ही आणि मोबाइलचा आवाज दोन तास बंद ठेवा. घरात कुणाचे तरी दोन तास शांत गेले तर उपाशी कुणी राहत नाही.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आपण भिंतीवर लिहिला आहे. त्या भिंतीखाली शिकायला बसता येईल एवढी जागा मोकळी करून देणे आता आपल्या हातात आहे.

जयभीम!